आपण तयार नाही, असं तू लिहिलंस

नसीम,

तू गेल्यावर ऑफिसात पहिला वाद झाला तो तुझ्या फोटोवरून. शोकसभेसाठी फोटो हवा होता आणि इतक्या वर्षांच्या ढिगात तू एकटी अशी कुठेच सापडेनास. सगळीकडे तू कुणाकडे तरी वळलेली. तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, जीपला टेकून. समोरचा माणूस बोलतो आहे आणि तू ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकते आहेस. एका फोटोत तर तुझी नुसती पाठ आहे, आणि त्या पाठीवरूनही कळतं की तू ऐकते आहेस. शेवटी त्यातलाच एक कापून मोठा करायचं ठरलं, तेवढ्यात तुझ्या भावाचा फोन आला. "फोटो लावायचा तर लावा, पण हार नका घालू. अम्मीले बरं नाई वाटणार." मग आम्ही फोटोच लावला नाही. सतरंज्या अंथरल्या आणि बसलो.

त्या सभेचं सांगते पुढे. आधी मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे. आपलं एक भांडण बाकी होतं, आणि जाता जाता तू त्यात आणखी एकाची भर घातलीस.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हा तू मूलच्या ऑफिसात आलीस. ऑफिस म्हणजे भाड्याचं कौलारू घर, मागे सामानघर, पुढे बैठकीची पडवी. आपली संस्था जुने मालगुजारी, म्हणजे मालगुजारांनी गावाच्या शेतीसाठी बांधलेले, तलाव दुरुस्त करायची. गाळ काढायचा, पाळ उंच करायची, सांडवा बांधायचा, आणि तलाव सांभाळायला गावात समिती उभी करायची. समित्यांचं काम माझ्याकडे होतं. मी सिंदेवाहीजवळच्या धानवाल्या घरातली, तलावाच्या पाण्यावरच वाढलेली. तू चंद्रपूरची, जटपुऱ्याकडच्या सायकलवाल्यांची मुलगी, नागपूरहून ग्रंथालयाचं शिक्षण घेऊन आलेली. आमचे मधुभाऊ, ज्यांनी सरकारी इंजिनियरची नोकरी सोडून ही संस्था काढली, त्यांनी तुला कपाटातल्या फायली लावायला घेतलं होतं.

तू कपाट उघडलंच नाहीस. माझ्यासमोर स्टूल ओढून बसलीस आणि विचारलंस, "मागच्या हप्त्यात तू कोनाले काय इचारलं?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलबी. अडली असशील न कुठी."

"मी नाई अडत."

"मंग तू कामच नाई करून राह्यली," तू म्हणालीस.

मला इतका राग आला की दुपारी मी माझा डबा घेऊन पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तू तिथे आलीस. न विचारता तुझ्या डब्यातली खट्टी दाल माझ्या भातावर ओतलीस आणि म्हणालीस, "आता इचार. ह्याच्यात काय टाकलं ते." मी विचारलं नाही. पण भात संपवला. दुसऱ्या दिवशी विचारलं. आपली मैत्री तिथून सुरू झाली असं मी सगळ्यांना सांगत आले. तू मात्र सांगायचीस की ती पहिल्या दिवशीच झाली होती, मला कळायला एक दिवस लागला.

मग ती मुंबईची माणसं आली. आपल्याला मदत देणाऱ्या संस्थेची. चांगली माणसं होती, उन्हातान्हात तलाव पाहत फिरली. बैठकीत ती म्हणाली, तुमचं सगळं शहाणपण माणसांच्या डोक्यात आहे. माणूस गेला की ते गेलं. ते गोळा करा, लिहून ठेवा, एका गावचं दुसऱ्या गावाला मिळू द्या. त्यासाठी आम्ही संगणक देऊ, चालवणाऱ्याचा पगार देऊ. या सगळ्याला त्यांनी 'ज्ञान व्यवस्थापन' असा शब्द वापरला. फक्त एक अट होती. त्याआधी तुमच्या संस्थेची संस्कृती अशा कामाला तयार आहे का, ते तुम्हीच तपासा आणि खरं काय ते कळवा.

'संस्कृती' हा शब्द ऐकून मागे बसलेले दौलतभाऊ मडावी कुजबुजले, "म्हंजे नाचून दाखवाचं काय जी?" दौलतभाऊ धानोऱ्याकडचे आमचे कामावरचे देखरेखवाले. सगळी पडवी हसली. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "नाई भाऊ. तुमाले काई चुकलेलं दिसलं तं तुमी कोनाले सांगता, ते पाहाचं हाये." दौलतभाऊंचं हसू विरलं. ते मी पाहिलं होतं, पण त्यात काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. तुला वाटलं.

मुंबईहून छापील प्रश्नावली आली. आपण तिचं मराठी केलं. 'आमच्या संस्थेत मोकळेपणाने बोलता येते.' 'चूक झाल्यास ती सांगण्याची भीती वाटत नाही.' पुढे चौकोन. प्रत्येकाने भरून द्यायची. परत आली तेव्हा तू ती सगळी पानं पडवीत पसरलीस. सगळीकडे एकच खूण. पूर्ण सहमत. पूर्ण सहमत. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "वनिता, एवढे सहमत लोक म्या लग्नातबी नाई पाह्यले."

मी म्हटलं, "मंग झालं न काम. पाठवून दे."

"काऊन? सोमवारच्या बैठकीत भाऊ सोडून कोन बोलते? एवढं मोकळं हाये तं सगळ्याइची वाचा जाते कुठी?"

ती पानं तू गोळा केलीस आणि सामानघरात, फावड्यांच्या मागे ठेवून दिलीस. आणि मग तुझी ती फिरती सुरू झाली, जिची आठवण काढल्याशिवाय मला आजही त्या रस्त्यांनी जाता येत नाही. माझी लुना, मागे तू, दोन्ही हातांनी माझा खांदा धरलेला. उतार आला की कानाशी तुझं "या अल्ला", आणि चढ आला की उतरून चालायचं. सागाची पानं झडलेली, रस्त्यावर मोहाचा वास. कुठे कामावर पोचलो की तू सरळ जाऊन बसायचीस, वही न काढता. घमेली उचलणाऱ्या बायांमध्ये, माती खणणाऱ्या मशीनवाल्याच्या शेजारी, समितीच्या अध्यक्षाच्या ओट्यावर. विचारायचीस साधंच. अडलं की कुणाला विचारता? तुम्हाला जे येतं ते कुणी कधी विचारलं का? मागच्या पावसाळ्यात काय बिघडलं? आणि मग गप्प बसायचीस. तुझ्यासारखं गप्प बसता येणारं माणूस मी पाहिलं नाही. समोरच्याला शेवटी बोलावंच लागायचं.

पहिला शोध तुला ऑफिसच्या मागेच लागला. कमल. वरोऱ्याची कमल, आपलं सामानघर सांभाळणारी. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन मूलला येऊन राहिलेली. कुणीही टेप, दोरी, डिझेलची चिठ्ठी घ्यायला आलं की ती त्याला पोत्यावर बसवायची, पाणी द्यायची. तो बसल्या बसल्या सांगायचा की आमच्याकडे असं झालं. दुसऱ्या गावचा आला की कमल त्याला म्हणायची, "काल तो अमका आला होता, त्याच्याबी सांडव्याले भेग पडली. जाऊन पाह्य त्यानं काय केलं तं." तू तिथे दिवसच्या दिवस बसलीस आणि मला येऊन म्हणालीस, "आपलं ज्ञान केंद्र सापडलं. त्याले छप्पर नाई बरोबर, पण चालते मस्त."

"तिथी काऊन बोलतात आन् बैठकीत काऊन नाई?" मी विचारलं.

"कमल हसत नाई कोनाले. आन् तिच्या हातात कोनाची बदली नाई."

तेव्हा आपण दोघींनी ठरवून टाकलं होतं की संगणक आला की तो कमलच चालवणार. तिने तर वरोऱ्याच्या एका क्लासात नावही घातलं होतं. सुट्टीच्या दिवशी बसने जायची आणि आल्यावर हवेत बोटं चालवून दाखवायची.

दुसरा शोध धानोऱ्याकडचा. दौलतभाऊ आपल्याला एका तलावावर घेऊन गेले. मागच्या पावसाळ्यात त्याची पाळ फुटली होती आणि खालच्या बांध्यांतला रोवणा, नुकताच लावलेला धान, वाहून गेला होता. बैठकीत त्याचं कारण 'अतिवृष्टी' असं सांगितलं गेलं होतं. दौलतभाऊ फुटलेल्या जागी उतरले आणि मातीतून एक कुजलेलं खोड ओढून काढलं. भुसभुशीत, आत पोकळ.

"पाळीवरची झाडं तोडली, पण बुंधे तसेच ठेवले आन् वरून माती टाकली," ते म्हणाले. "बुंधा सडला. पान्याले रस्ता भेटला."

"हे तुमी सांगतलं कोनाले?"

दौलतभाऊंनी हाताला लागलेली माती झाडली. तू तुझी ओढणी बोटाला गुंडाळलीस. मग ते म्हणाले, "मागं एकानं सांगतलं होतं बाई, दुसऱ्या कामाचं. त्याले सिरोंच्याकडे पाठवलं. भाऊ म्हनले, तुले हवापालट होईल. त्याची बायको इथी, लेकरं इथी. मले नाई पाह्यजे हवापालट."

मधुभाऊंना मी ओळखत होते. त्यांना ती शिक्षा वाटलीच नसणार. त्यांना खरंच वाटलं असेल की तो माणूस दमला आहे. पण धानोऱ्यापासून मूलपर्यंत सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच घेतला होता. आणि फिरतीत कळलं होतं की सिंदेवाहीजवळच्या तलावाचीही तीच गत झाली होती, तेच बुंधे, तीच फूट, तीच 'अतिवृष्टी', आणि माती टाकणारा ठेकेदार आणि त्याची मशीनही तीच. दोन्ही ठिकाणच्या माणसांना आपापलं कारण ठाऊक होतं, एकमेकांचं ठाऊक नव्हतं.

परतताना तू लुना थांबवायला लावलीस. "नागभीडच्या वाटेवर ते नवं काम चालू हाये न? तिथं कोनती मशीन हाये?" तीच होती. तोच ठेकेदार. तुझा चेहरा मला आठवतो. पाऊस फार दूर नव्हता.

त्या सोमवारची बैठक. मी तुला सांगत होते, भाऊंना एकट्याला भेटून सांग. तू म्हणालीस, एकट्यात सांगितलं तर तेही सामानघरातल्या गोष्टीसारखंच होईल. तू उभी राहिलीस.

"भाऊ, संगनक घ्याले आपन तयार नाई. आपल्या इथी चुकलेलं कोनी सांगत नाई, म्हनून तेच पुन्हा चुकते. दोन पाळी फुटल्या त्या पान्यानं नाई फुटल्या. आत बुंधे राह्यले होते. नागभीडकडच्या कामावरबी तेच होऊन राह्यलं असंल. आधी ते पाहा."

मधुभाऊंचा चेहरा पांढरा पडला. ते ओरडणारे नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "माझ्याजवळ सांगता येत नाही असं कोण म्हणालं?"

"ते मी नाई सांगू शकत."

"नसीम, मी संस्थेचा प्रमुख आहे. नाव सांग."

"नाव सांगतलं तं मी म्हनते तेच खरं होईल, भाऊ," तू म्हणालीस. "उद्यापासून मलेबी कोनी काई सांगनार नाई."

दौलतभाऊ भिंतीला टेकून खाली बघत होते. मधुभाऊ उठून आत गेले. बैठक तशीच मोडली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जीप काढून ते नागभीडकडे निघाले आणि तुला म्हणाले, "चल." मी न सांगताच मागे चढले. दौलतभाऊ आधीच चढून बसले होते.

तलावावर पोचलो तर पाळीवर ताजी माती, छान रूळ फिरवून बसवलेली. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं, सगळं साफ करून माती टाकली आहे साहेब. मधुभाऊ ती माती पायाने दाबत चालत होते. तुझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. तुझा फक्त अंदाज होता. चुकीचा निघाला असता तर?

तेव्हा दौलतभाऊ पुढे झाले. फावडं घेतलं आणि पाळीच्या मधोमध खणायला लागले. बराच खणल्यावर फावडं लाकडावर आपटलं. त्यांनी फावडं बाजूला ठेवलं, टोपी काढली आणि म्हणाले, "भाऊ, बाईले म्याच सांगतलं. धानोऱ्याचं. पाठवा मले कुठी पाठवाचं तं."

मधुभाऊ त्या ओल्या मातीवर खाली बसले. पांढऱ्या पायजम्यासकट. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. ते फक्त म्हणाले, "दौलत, तू मला भितोस?"

"हो जी," दौलतभाऊ म्हणाले. "तुमचा राग नाई येत. तुमी वाईट वाटून घेता, त्याचं भेव लागते."

पाळ पुन्हा उघडली, बुंधे काढले, पाऊस लागायच्या आत काम झालं. तो तलाव आजही धरून आहे. त्याच्या खालच्या शेतांत धान उभं असतं तेव्हा मी बसमधून मान वळवून पाहते.

पण आपलं भांडण तलावाचं नव्हतं. अहवालाचं होतं.

मी तुला म्हटलं होतं, आता भाऊंना कळलं, बुंधे निघाले, झालं. आता 'बऱ्याच अंशी तयार' असं लिही. चार शब्द मऊ लिहिले तर संगणक येईल, कमलचा पगार येईल. तू म्हणालीस, एक पाळ उघडली म्हणून संस्था उघडत नाही. तू लिहिलंस, 'आपण तयार नाही.' मधुभाऊंनी ते कितीतरी दिवस टेबलावर ठेवलं आणि मग सही केली. तुझ्याशी बोलणं मात्र त्यांनी कामापुरतंच ठेवलं. मुंबईकरांनी प्रामाणिकपणाबद्दल आपले आभार मानले आणि संगणक दुसऱ्या संस्थेला दिले. त्याच वर्षी सामानघराचा जुना निधीही संपला. नव्यातून निघणार होता तो कमलचा पगार कुठूनच निघेना. ती मुलीला घेऊन वरोऱ्याला भावाकडे गेली. सामानघराला कुलूप लागलं. ज्याला काही हवं असेल त्याने ऑफिसातून किल्ली न्यायची, सामान घ्यायचं, किल्ली परत आणून द्यायची. पोत्यावर बसायला कुणी उरलं नाही.

तू सुट्टीला घरी चंद्रपूरला निघाली होतीस, तेव्हा मूलच्या बसस्टँडवर मी तुला म्हटलं, "नसीम, आपल्या संस्थेत एकच जागा तयार होती. तुझ्या अहवालानं तीच बंद झाली."

तू म्हणालीस, "मंग मी खोटं लिहू काय?"

मी म्हटलं, "हो. एवढ्यापुरतं लिहायचं होतं."

तुझी बस आली आणि तू चढलीस. खिडकीतून माझ्याकडे पाहिलं नाहीस. पुढे कितीदा आपण त्या बोलण्याच्या जवळ गेलो आणि मागे फिरलो. मला अजून वाटतं की मी बरोबर होते. आणि मला हेही माहीत आहे की तू मऊ लिहिलं असतंस, तर पुढचं काही झालं नसतं.

कारण पुढे खरंच काही झालं. त्या पावसाळ्यानंतर मधुभाऊंनी सोमवारच्या बैठकीत पहिला तास 'काय चुकलं' यासाठी ठेवला. पहिल्या तीन-चार बैठकांत कुणी तोंड उघडलं नाही. चहा यायचा, कप परत जायचे. मग एकदा मधुभाऊ स्वतः बोलले. संस्थेच्या अगदी पहिल्या तलावाची जागा त्यांनी गावकऱ्यांचं न ऐकता निवडली होती, तिथे पाणी कधी टिकलंच नाही, आणि कुणी विचारलं की ते जमिनीला दोष देतात. बोलताना त्यांनी तुझ्याकडे पाहिलं नाही. बोलून झाल्यावर पाहिलं. मग दौलतभाऊ बोलले. मग मशीनवाला बोलला. मग मी, आणि मग बोलायला तास पुरेना. सिरोंच्याचा माणूस परत आला. काही वर्षांनी संगणकही आला, आपल्याच पैशांतून, आणि नव्या पोरी त्यात तलावांची माहिती भरायला लागल्या. "कोनाले इचारून भरता?" तू त्यांना विचारलंस. त्यांनी नावं सांगितली. तू उठून बाहेर गेलीस. मला वाटलं तुला काही खटकलं. बाहेर येऊन पाहिलं तर तू ऑफिससमोरच्या मुन्न्याच्या टपरीवर सगळ्यांसाठी भजी सांगत होतीस.

पुढे अब्बांचं दुकान बसलं, ते आजारी पडले आणि तू चंद्रपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलीस. आपलं बोलणं फोनवर आलं. दर रविवारी. तू मला मूलची, नागभीडची, दौलतभाऊंच्या गुडघ्यांची खबर विचारायचीस. मी तुझी विचारायचे. तू म्हणायचीस, "मजेत."

आता दुसरं भांडण. तुला आजार होता हे तुझ्या भावाला ठाऊक होतं, नागपूरच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. कित्येक रविवार तू औषधं घेऊन, उशीला टेकून माझ्याशी तलावांबद्दल बोलत होतीस. सगळ्या जिल्ह्याला बोलायला लावलंस आणि स्वतःचं झाकून ठेवलंस. काऊन, नसीम? मी वाईट वाटून घेईन म्हणून? दौलतभाऊंनी भाऊंना जे सांगितलं होतं, तेच तुलाही माझ्याबद्दल वाटत होतं का? एवढं मला विचारायचं आहे, आणि याचं उत्तर मिळणार नाही याचा मला फार राग येतो. तुझ्यावरच येतो. तू समोर असतीस तर तुझ्या डब्याला मी हात लावला नसता.

शोकसभेचं सांगते म्हटलं होतं. पडवी भरून गेली. मधुभाऊ आता काठी घेऊन चालतात, ते थोडं बोलले आणि थांबले. तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलत होते. मग दाराशी एक बाई उभी राहिली, केस पांढरे झालेले, हातात प्लास्टिकची पिशवी. मी ओळखलंच नाही. कमल होती. वरोऱ्याला एका अडत्याकडे कापूस-सोयाबीनचा हिशेब बघते. मुलीचं लग्न झालं. बोलायला सांगितलं तर मान हलवली, बोलली नाही. सभा उठल्यावर माझ्याजवळ आली.

"वनिताबाई, माझी नोकरी गेली ते ऑफिसनं सांगाच्या आधी मले नसीमनं घरी येऊन सांगतलं होतं. म्हने, माझ्या लिहिन्यानं तुझी जागा जाऊन राह्यली, दुसऱ्याकून कळू नये म्हनून आली. म्या तिले घरात नाई घेतलं. पुढं वरोऱ्यालेबी आली. एकदा नाई, दर साली. उंबऱ्यात उभी राहाची, माझ्या पोरीसाठी पुस्तक द्याची, जाची. मंग एका साली म्या म्हटलं, बस. बसली. चहा पेली. पण माफ केलं असं म्या कधी म्हटलं नाई तिले."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस. मी बसस्टँडवर तुला ते बोलले तेव्हा तू आधीच तिच्या दारातून परत आली होतीस का?

"चाल," कमल म्हणाली. "तिच्या आईकडे जाऊ."

आम्ही दोघी चंद्रपूरला गेलो. अम्मी खाटेवर बसल्या होत्या, आणखी लहान झालेल्या. घरात बाया होत्या. कमल सरळ जाऊन त्यांच्या पायाशी खाली बसली. अम्मींनी विचारलं, "कौन है बेटी?"

मी काही बोलायच्या आत कमल म्हणाली, "मी कमल. तुमच्या पोरीनं माझी नोकरी घालवली होती."

मला कमलचा हात धरून बाहेर न्यावंसं वाटलं. अम्मी खाटेवर पुढे सरकल्या. मग त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"वरोरेवाली? जिसके घर वो हर साल जाती थी?"

"हो."

"आके बोलती थी, आज भी गुस्सा थी, अम्मी. एक बार आके बोली, आज चाय पिलाई." अम्मी बराच वेळ रडल्या आणि कमलही रडली, पहिल्यांदाच. मग अम्मींनी ओढणीने तिचे डोळे पुसले आणि आतल्या बाईला हाक मारून म्हणाल्या, "थाली लगाओ. ये खाना खाके जाएगी."

कमल जेवली, नसीम. मीही जेवले. अम्मी समोर बसून वाढायला लावत होत्या आणि कमल तोंडातला घास संपवता संपवता त्यांना सांगत होती की तू तिच्या उंबऱ्यात कशी उभी राहायचीस, पायातली चप्पल न काढता, कुणी 'ये' म्हणेल याची वाट बघत.